पोल्का : अर्ध्या पावलाचे नृत्य
पोल्का हे नाव ऐकून पुष्कळांना ते पोलंडचे नृत्य वाटते. वस्तुतः त्याचे माहेर बोहेमिया होय. १८३० नंतरच्या दशकात ते प्राग नगरीत रूढ झाले आणि १८४४ मध्ये त्याने पॅरिसला वेड लावले. एका खेडवळ दासीने ते प्रथम नाचून दाखविले, ही कथा गोड खरी. आम्ही तिच्यावर भिस्त ठेवीत नाही. चेक भाषेत ‘पूल्का’ म्हणजे अर्धा भाग. नावाचा उगम त्यातच असावा, असे पुष्कळ जाणकार मानतात.

ताल दोन मात्रांचा. पुरुषाने मात्रेपूर्वी उजव्या पायावर किंचित उसळी घ्यावी, डावे पाऊल टाकावे, उजवे त्याला भिडवावे, पुन्हा डावे टाकावे. मग हेच दुसऱ्या पायाने. जोडीदारीण विरुद्ध पायाने आरंभ करते. उसळी बोटभरच असावी. नवशिके उंच उडतात आणि दोन फेऱ्यांतच धापा टाकू लागतात.