नव्या गिटारचा फेरफार

जमिनीचे खरेदीखत झाले म्हणून खरेदीदार त्याच दिवशी निर्धास्त होत नाही. तलाठ्याच्या दप्तरी, गाव नमुना ६ मध्ये, फेरफाराची नोंद होईपर्यंत हाती आलेली जमीनही त्याला आपली वाटत नाही. दुकानातून आणलेल्या नव्या गिटारची अवस्था बहुधा हीच असते. खोक्यातून निघालेले ते गुळगुळीत वाद्य दिसायला सर्वांगपरिपूर्ण असते. परंतु घरातल्या मुलाने मोठ्या हौसेने पहिल्या पडद्यावर एफ कॉर्ड धरायला घेतली की तर्जनीवर तारेचे वळ उठतात, स्वर मात्र उठत नाही, आणि दोन महिन्यांत गिटार कपाटावर चढते. या पराभवाचे खापर बोटांवर फुटते. वास्तविक दोष बव्हंशी असतो तो बोटभर लांबीच्याही नसलेल्या एका तुकड्यात आणि त्याहून थोड्या मोठ्या दुसऱ्या तुकड्यात.

पहिला तुकडा मानेच्या वरच्या टोकाशी, ज्याच्या सहा खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात तो. त्याला नट म्हणतात. (आपल्या नाट्यवेड्या मुलखात हे नाव उच्चारताना किंचित संकोच होतो, पण हाही नट वेळीच आवरला नाही तर सगळा प्रयोग बिघडवतो.) दुसरा तुकडा खालच्या ब्रिजमध्ये बसवलेला, त्याचे नाव सॅडल. स्वस्त गिटारमध्ये दोन्ही प्लास्टिकचे असतात. कारखानदार नटाच्या खाचा थोड्या उथळ आणि सॅडल थोडे उंच ठेवतो. त्याचा हिशेब सरळ आहे: खाच नंतर खोल करता येते, खोल गेलेली भरून काढणे जिकिरीचे, शिवाय तार पडद्याला लागून झणझणणारी गिटार गिऱ्हाईक दुकानात परत आणून देते, बोटे दुखवणारी आणत नाही.

नटाची परीक्षा कोणालाही करता येते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये तार दाबून धरावी व पहिल्या पडद्यावर ती किती अधांतरी राहते ते पाहावे. पातळ कागद जेमतेम सरकेल एवढीच फट असेल तर नट ठीक, त्याहून बरीच जास्त असेल तर खाच खोल करणे अवश्य आहे. उंच नटाचा दुसरा उपद्रव असा की, तार दाबताना ती अधिक ताणली जाते आणि सूर लावलेली गिटारही पहिल्या दोन-तीन पडद्यांवर चढी बोलते. खाच खोल करण्याच्या कामाला मात्र तारेच्या जाडीबरहुकूम बारीक कानशी लागतात म्हणून ते कारागिराकडेच सोपवावे.

सॅडलचा मामला घरी उरकण्याजोगा आहे. तारांची पडद्यांपासूनची उंची, वादक जिला अ‍ॅक्शन म्हणतात ती, बाराव्या पडद्यावर मोजतात. सर्वांत जाड तारेखाली सुमारे अडीच मिलिमीटर आणि सर्वांत बारीक तारेखाली पावणेदोनच्या आसपास असली म्हणजे सामान्य वादकाला पुरे. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असल्याने तेथे अर्धा मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल एक मिलिमीटर घासावे लागते. हे गणित मला ठाऊक होते; तरीही काचेवर पॉलिशपेपर चिकटवून, हाडाच्या नव्या सॅडलच्या तळाशी पेन्सिलीची रेघ ओढून मी घासावयास बसलो तेव्हा दंतवैद्याच्या खोलीत येतो तसला जळकट वास खोलीभर पसरला आणि त्या तंद्रीत रेघ केव्हा ओलांडली गेली ते कळले नाही. सहावी तार पाचव्या पडद्यापासून पुढे झणझणू लागली. अखेर एका लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी कापून सॅडलखाली सरकवली, आणि तूर्त निभावले.

ती झणझण ऐकताना मिरजेची आठवण होणे अपरिहार्य होते. तेथील कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा असाच घासतात. पण तो माथा रुंद, किंचित उतरता ठेवलेला असतो, तार त्याला निसटता स्पर्श करीत कंप पावते, आणि त्या स्पर्शातून स्वराभोवती जी प्रभा पसरते तिला जवारी म्हणतात. गिटारचे सॅडल जेमतेम तीन मिलिमीटर जाड, तार त्यावरून स्वच्छ तुटून निघावी अशी तेथील अपेक्षा. एका वाद्यात ज्या स्पर्शाची आराधना करतात, दुसऱ्यात तोच दुरुस्तीस पात्र ठरतो!

क्रमाने पाहता सॅडलला हात घालण्यापूर्वी मानेची तपासणी व्हावयास हवी. पोलादी तारांच्या साध्या संचाचा एकूण ताण ७० किलोंहून अधिक भरतो, त्याने मान पुढे वाकते. तिला सावरण्यासाठी पोटात जो धातूचा दांडा, म्हणजे ट्रस रॉड, असतो त्याचे पेटंट गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ साली मिळाले. मार्टिन या जुन्या नामांकित कंपनीने मात्र फिरवून जुळवता येणारा दांडा १९८५ पर्यंत स्वीकारला नाही. पहिला आणि चौदावा पडदा एकदम दाबला की तारच पट्टीचे काम करते; सातव्याच्या आसपास तिच्याखाली सुमारे पाव मिलिमीटर फट दिसावी. कमीअधिक असल्यास दांडा एका वेळी अष्टमांश फेराच फिरवावा. अ‍ॅक्शन उतरवण्यासाठी हाच दांडा पिळण्याची जी चाल पडली आहे ती घातक आहे: त्याचा अधिकार मानेच्या वाकापुरता. आणि नायलॉनच्या तारांसाठी घडवलेल्या गिटारवर पोलादी तारा चढवणे हा तर शुद्ध अविचार; तिचा पातळ देह एवढ्या ताणासाठी बांधलेलाच नसतो.

उरलेल्या सुधारणांविषयी थोडक्यात. सूर उतरतो म्हणून खुंट्या बदलण्याची घाई करू नये. पुष्कळदा तार नटाच्या खाचेत अडकत असते, आणि पेन्सिलीचे शिसे खाचेत घासले की तक्रार मिटते. ब्रिजमध्ये तारा अडकवणाऱ्या पिना हाडाच्या बसवल्याने नाद पालटतो असे सांगणारे भेटतात. माझ्या कानांना तो पालट अद्याप ऐकू आलेला नाही. ध्वनिवर्धकासाठी पिकअप बसवायचा तर बुडाशी भोक रुंदावावे लागते, हमीपत्रावर पाणी सोडावे लागते, आणि ते भोक पुन्हा बुजत नाही. सबब ते वर्षभर तहकूब ठेवावे. धीट फेरफारांना माझा विरोध आहे असे मात्र नव्हे. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार आडवी घेऊन तारांवरून दांडी फिरवीत तिच्यातून राग काढले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत संतूर-बासरीच्या जोडीला तीच आहे. विश्वमोहन भट्टांनी तर तरफेच्या आणि चिकारीच्या तारा जोडून तिची मोहनवीणा केली व १९९४ साली ग्रॅमी मिळवले. अशा वादनाला तारा मुद्दाम उंच लागतात. आपण जे कष्टाने उतरवतो, ते तेथे चढवावे लागते.

आपल्याकडे आणखी एक पक्षकार आहे, तो म्हणजे पाऊस. गिटारला सुमारे ४५ ते ५० टक्के आर्द्रता मानवते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात लाकूड पाणी पिते, वरची फळी फुगते आणि तारा आपोआप वर चढतात. आषाढात चिडून सॅडल घासले तर वैशाखात फळी बसल्यावर तीच गिटार झणझणते. म्हणून जाणते वादक दोन सॅडल बाळगतात. माझ्या गिटारच्या पेटीतही हल्ली दोन पाकिटे असतात: एकावर ‘पावसाळा’, दुसऱ्यावर ‘उन्हाळा’ असे लिहिले आहे, आणि उन्हाळ्याच्या पाकिटात सॅडलसोबत लग्नपत्रिकेची ती पट्टी आहे, वधूवरांच्या नावांपैकी तिच्यावर आता फक्त ‘चि. सौ. कां.’ एवढेच उरले आहे.