वर्दी दिव्याची, तपास गिअरबॉक्सचा

1995 साली पिंपरीच्या टेल्कोच्या आवारात मर्सिडीज-बेंझच्या डब्ल्यू 124 या गाडीची जुळणी सुरू झाली, आणि त्यानंतर काही वर्षांतच तिची उत्तराधिकारी, चार लंबवर्तुळाकार दिव्यांची डब्ल्यू 210, महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दिसू लागली. एके काळी कारखानदारांच्या आणि नामांकित वकिलांच्या दारी उभी असणारी ही गाडी आज मूळ किमतीच्या अल्पांशाने दुसऱ्या-तिसऱ्या धन्याच्या हाती गेलेली आढळते. आणि ज्याने ती हौसेने घेतली, त्याच्या उरात धडकी भरवणारा प्रसंग बहुधा एकाच प्रकारचा असतो. चांगली पळत असलेली गाडी एकाएकी दुसऱ्या गिअरवर अडकते, इंजिन ओरडू लागते, आणि डॅशबोर्डावर एखादा पिवळा दिवा उजळतो. 'गिअरबॉक्स गेला' असे तत्काळ ठरवून मोकळे होण्याची जी रीत सर्वत्र पडली आहे, ती मला बव्हंशी अन्यायाची वाटते. दिव्याचा अधिकार वर्दी देण्यापुरता. अपराध कोणाचा, याचा तपास त्याच्या अखत्यारीत येत नाही.

मौजेची गोष्ट अशी की, या गाडीत गिअरबॉक्सचा म्हणून स्वतंत्र दिवाच नाही. कधी इंजिनाचा दिवा लागतो, कधी घसरण आवरणाऱ्या ईएसपी आणि ब्रेकला जोर देणाऱ्या बीएएस या यंत्रणांचा, आणि कित्येकदा एकही लागत नाही; गाडी केवळ दुसरा गिअर धरून बसते. हा हट्ट म्हणजे बिघाड नव्हे, तर बिघाड झाल्यास गाडी घरापर्यंत पोहोचावी आणि आतील यंत्र शाबूत राहावे म्हणून योजलेला बंदोबस्त होय. 1996 च्या सुमारास मर्सिडीजने 722.6 या क्रमांकाचा पाच गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स प्रचारात आणला, तेव्हा तेलाच्या दाबावर चालणारा जुना कारभार जाऊन गिअर बदलण्याचा अंमल एका विद्युत-नियंत्रकाकडे आला. तीन ग्रहीय चक्रसंच तेलात फिरतात, सहा सोलेनॉइड तेलाच्या वाटा उघडतात आणि मिटतात, आणि त्या सहांना हुकूम सोडणारी पेटी मात्र गिअरबॉक्सपासून दूर, इंजिनाच्या कोठडीत बसलेली असते. हुकूम जाण्यासाठी आणि खबर येण्यासाठी या दोहोंमध्ये वायरिंग आहे, आणि जुन्या गाडीतील बहुतेक संकटांचा उगम, माझ्या समजुतीप्रमाणे, या मधल्या टापूत आहे.

गिअरबॉक्सच्या पोटात 'कंडक्टर प्लेट' नावाची प्लॅस्टिकची एक पट्टी असते. सोलेनॉइडांना वीज पोहोचवणे हे तिचे काम. शिवाय गती मोजणारे दोन सेन्सर आणि तेलाचे तापमान सांगणारा एक सेन्सर तिच्यातच पक्के केलेले असतात. गतीच्या दोन सेन्सरांपैकी एक, ज्याला एन-2 म्हणतात, तो पहिल्या आणि पाचव्या गिअरात शून्य दाखवतो, कारण त्या दोन्ही गिअरांत तो ज्या भागावर नजर ठेवतो तो भाग जखडलेला असतो. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरात मात्र त्याचा आणि एन-3 या जोडीदार सेन्सरचा आकडा जुळावा लागतो. म्हणून हा सेन्सर निकामी झाला की पहिल्या गिअरात गाडी निमूट चालते, आणि दुसरा पडताच नियंत्रक गोंधळून सर्व सोलेनॉइडांची वीज तोडतो. दात, क्लच, चक्रे सर्व धडधाकट असतात. अडलेले असते ते एका आकड्यापाशी. अशा वेळी गिअरबॉक्स उतरवण्याची काही गरज नसते. खालचे पात्र सोडून, तेल काढून, ही पट्टी जागच्या जागी बदलता येते.

त्याहूनही स्वस्त कारण म्हणजे गिअरबॉक्सच्या कडेला असलेला 13 पिनांचा जोड. त्याच्या रबरी कड्या वयपरत्वे कडक होतात, तेल झिरपू लागते; आणि ते केवळ जमिनीवर टपकत नाही, तर केशाकर्षणाने तांब्याच्या बारीक तारांमधून वर चढत चढत थेट नियंत्रकाच्या पेटीपर्यंत जाऊन पोहोचते. पेटीचा जोड उपसून आत तेलाचा ओलावा दिसला, तर तपासाचे निम्मे काम तिथेच झाले असे समजावे. हे पाहण्यास स्कॅनरही लागत नाही, पाच मिनिटांची सवड पुरते. तरीही लोक प्रथम गिअरबॉक्स खोलण्याचा अंदाज मागतात, हे आमच्याकडील यंत्रविषयक अधीरतेचे लक्षण आहे.

तपासाचा शिरस्ता म्हणून बाहेरून आत जावे. आधी बॅटरी. उभ्या गाडीत सुमारे 12.6 व्होल्ट आणि इंजिन चालू असता साधारण साडेतेरा ते साडेचौदा इतका दाब नसेल, तर नियंत्रक बिनबुडाच्या तक्रारी नोंदवतो. मग ब्रेकच्या पायट्यावरचा स्विच. तो बिघडला तर बीएएस-ईएसपीचा दिवा लागतो आणि दांडा 'पी' मधून सुटतही नाही. धनी गिअरबॉक्सला शिव्या देतो आणि दोषी असतो तो क्षुल्लक किमतीचा स्विच. चाकांच्या गतीची खबरही गिअरच्या नियंत्रकाला एबीएसकडूनच मिळते, सबब दोन्ही तक्रारी एकदम उद्भवल्या तर चाकाकडे आधी पाहावे. कोड वाचायचे तर इंजिनाच्या कोठडीतील 38 पिनांच्या गोल जोडाशी ज्याचे पटते असे यंत्र हवे; बाजारातला साधा रीडर बहुधा इंजिनापलीकडे डोकावत नाही.

तेलाचा मामला त्याहून चमत्कारिक आहे. या गिअरबॉक्सला कारखान्याने डिपस्टिक दिलीच नाही, नुसती नळी आणि टोपण दिले, कारण भरलेले तेल जन्मभर पुरेल असा दावा होता. तो दावा पुढे कंपनीनेच सोडला. पातळी तपासायची ती तेल 80 अंश सेल्सिअसला आणून, वर्कशॉपच्या लांब काडीने. आणि येथे एक खाच आहे. तापमानाचा सेन्सर 'पी'-'एन' च्या संपर्काशी एकाच मार्गात जोडलेला असल्याने दांडा त्या दोन स्थानांत असताना त्याची खबर बंद असते, आणि नियंत्रक इंजिनाच्या पाण्याचे तापमान उसने घेतो. तेव्हा 'पी' मध्ये ठेवून स्कॅनरवर 80 वाचणारा तेलाचे नव्हे, तर पाण्याचे तापमान वाचत असतो.

दिव्यालाच बोलते करण्याची कला पाहावयाची असेल, तर जपानी लेक्ससकडे वळावे. 1989 साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या एलएस 400 मध्ये बिघाड नोंदला गेला की 'ओ/डी ऑफ' (ओव्हरड्राइव्ह बंद) हा दिवा लुकलुकू लागतो. निदानाच्या जोडातील टीई-1 आणि ई-1 ही अग्रे तारेने जोडली की त्याच दिव्याच्या उघडझापेतून कोड मोजता येतो: सहा वेळा, विराम, मग दोन वेळा, म्हणजे 62, अर्थात पहिला सोलेनॉइड. मात्र ओव्हरड्राइव्हचा स्विच चालू असला पाहिजे. नाही तर दिवा नुसता जळत राहतो. याहून सुंदर युक्ती म्हणजे, त्या काळच्या टोयोटाच्या चार गतींच्या गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइडांचा जोड काढून, दांडा हाताने हलवत गाडी चालवून पाहणे. 'एल' मध्ये पहिला, '2' मध्ये तिसरा आणि 'डी' मध्ये ओव्हरड्राइव्ह मिळाला, तर यंत्र निर्दोष, दोष विजेच्या बाजूला. सोलेनॉइडचा विरोध 11 ते 15 ओहम भरतो का, हे मग मीटरने पाहावे.

एवढे करूनही मर्सिडीजच्या दुसऱ्या गिअरचे कोडे न सुटल्यास, पात्र उतरवून तळचे चुंबक पाहावे. राखेसारखा मऊ चिखल हा वयाचा भाग मानून पुसून टाकावा. चकाकणारे तुकडे, अस्तराचे पापुद्रे किंवा करपट वास आला, तर मात्र क्लच खरोखरच जळले आहेत, आणि त्या कामाचा अंदाज मिस्त्रीकडून लेखी घ्यावा.