खाडीतील लहान होडीवरील बॅटरीचे दोषनिदान : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

ठाणे, कल्याण व डोंबिवली ही नगरे आज लोहमार्गामुळे ओळखली जात असली, तरी त्यांचा मूळ आधार पाणी हाच आहे. सह्याद्रीत उगम पावणारी उल्हास नदी कर्जत व बदलापूरमार्गे कल्याणला येते आणि डोंबिवलीजवळून, पुढे ठाण्याच्या उत्तरेकडून घोडबंदरमार्गे वसईच्या खाडीत समुद्रास मिळते. ठाण्याची खाडी दक्षिणेस मुंबई बंदराकडे उघडते. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर मराठी आरमाराचा प्रारंभ याच खाडीकाठी, दुर्गाडीच्या परिसरात झाला. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यान्वये हा जलमार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला. ठाणे खाडीस २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा, तर २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा प्राप्त झाला.

या पाण्यावर आजही लहान होड्या चालतात. काही मासेमारीसाठी, काही प्रवासी व पर्यटक यांच्यासाठी, तर काही सर्वेक्षणासाठी वापरल्या जातात. वल्हे व शीड यांची जागा इंजिनाने घेतल्यापासून या होड्यांवर १२ व्होल्टची बॅटरी आली. इंजिनाचा सेल्फ, दिवे, बिनतारी संच, जीपीएस, मासे शोधणारे यंत्र आणि तळातील पाणी उपसणारा पंप या सर्वांचा भार तिच्यावरच असतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे मासेमारी नौकांसाठीच्या उपग्रहाधारित संपर्क योजनेचा राष्ट्रीय शुभारंभ झाला. या योजनेखाली किनारी राज्यांतील एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसवावयाचे आहेत. संकटसूचना देणारे असे कोणतेही उपकरण अखेर विजेवरच अवलंबून असते. ओहोटी लागलेली असताना सेल्फ न फिरल्यास होडी प्रवाहाबरोबर वाहते किंवा गाळात रुतते, आणि त्याच क्षणी दिवे व बिनतारी संचही मंदावलेले असतात. म्हणून बॅटरीचा दोष हा केवळ गैरसोयीचा नव्हे, तर जीविताच्या सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

प्रत्यक्षात मात्र ‘बॅटरी गेली’ एवढ्या निदानावर नवी बॅटरी आणली जाते व काही महिन्यांत तीही निकामी होते. हे टाळण्यासाठी दोषाचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बॅटरीचे स्वरूप

गॅस्टन प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसे-आम्ल घटाची रचना केली. होडीवरील नेहमीची बॅटरी ही त्याच तत्त्वावर चालते. तिच्यात सहा घट एकसरीत जोडलेले असतात. वीज घेतली जात असताना दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते व आम्ल पातळ होत जाते. भारित करताना ही क्रिया उलट होते. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक म्हणजे आम्लाच्या विशिष्ट गुरुत्वावरून बॅटरीची स्थिती कळते. दुसरी म्हणजे बॅटरी दीर्घकाळ अर्धवट उतरलेल्या अवस्थेत राहिल्यास सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि मग ते भारणाने पुरतेपणी विरघळत नाहीत. बॅटरीच्या अकाली मृत्यूचे सर्वांत सामान्य कारण हेच होय.

बॅटरीवर छापलेली क्षमता ही बहुधा वीस तासांच्या दराने मोजलेली असते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी ५ अँपिअर प्रवाह २० तास देते. परंतु २५ अँपिअर प्रवाह ती ४ तास देत नाही. प्यूकर्ट याने १८९७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, घातांक १.२ धरल्यास, हा काळ सुमारे २.९ तासच भरतो. तसेच वापर निम्म्या क्षमतेपर्यंतच मर्यादित ठेवल्यास आयुष्य वाढते. म्हणजेच १०० अँपिअर-तासांपैकी ५० च हाताशी आहेत, असे मानणे शहाणपणाचे ठरते.

दोषनिदानाचा क्रम

निदानासाठी एक मल्टिमीटर, एक हायड्रोमीटर आणि लिहून ठेवण्यासाठी वही एवढे साहित्य पुरेसे आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व प्रत्येक मापनाची नोंद करावी, हा या कामाचा पहिला नियम होय.

१) विश्रांत अवस्थेतील मापन : भारण व वापर दोन्ही बंद ठेवून किमान चार तासांनी बॅटरीच्या खांबांवर व्होल्टेज मोजावे. घटाचे व्होल्टेज हे आम्लाच्या विशिष्ट गुरुत्वात ०.८४ मिळवून अंदाजे काढता येते. उष्ण प्रदेशासाठी भरलेल्या बॅटरीचे विशिष्ट गुरुत्व साधारणतः १.२४० ते १.२५० ठेवले जाते. १.२५० या गुरुत्वाला प्रत्येक घटाचे २.०९ व सहा घटांचे १२.५४ व्होल्ट होतात. त्यामुळे परदेशी पुस्तकांत दिलेला १२.७ चा आकडा येथे मिळाला नाही, म्हणून चांगली बॅटरी बाद करू नये. वाचन १२.१ च्या आसपास असल्यास बॅटरी निम्म्याहून अधिक उतरली आहे असे समजावे. १०.५ च्या आसपासचे वाचन एखादा घट आतून जोडला गेल्याची शंका उत्पन्न करते.

२) घटांची तुलना : हायड्रोमीटरने सहाही घट तपासावेत. सर्व घटांचे वाचन सारखेच कमी असल्यास बॅटरी बहुधा केवळ उतरलेली असते व तिला पूर्ण भारणाची गरज असते. पाच घट सारखे आणि एका घटात ०.०३० ते ०.०५० एवढा फरक असल्यास दोष त्या घटात आहे. या एका तपासणीने अनेकदा नव्या बॅटरीचा खर्च वाचतो.

३) सेल्फ फिरत असतानाचे मापन : एकाने सेल्फ मारावा व दुसऱ्याने खांबांवरील व्होल्टेज पाहावे. ते ९.६ च्या खाली गेल्यास बॅटरी दुर्बल आहे अथवा सेल्फ अडकून अवाजवी प्रवाह घेत आहे. व्होल्टेज टिकून राहिले आणि तरीही सेल्फ मंद फिरला, तर दोष बॅटरीत नसून जोडणीत आहे. अशा वेळी मीटरचे एक टोक खांबावर व दुसरे त्याच खांबावरील केबलच्या लगवर ठेवून पुन्हा सेल्फ मारावा. चांगल्या जोडात हे वाचन नगण्य असते. सेल्फ २०० अँपिअर घेत असेल आणि गंजलेल्या जोडाचा रोध केवळ ०.०१ ओहम असेल, तरी २ व्होल्ट तेथेच खर्च होतात व ४०० वॉट उष्णता निर्माण होते. जोड हाताला गरम लागणे हा याचाच पुरावा होय.

४) भारणाचे मापन : इंजिन मध्यम गतीने चालवून बॅटरीवरील व्होल्टेज पाहावे. ते १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावे. विश्रांत अवस्थेइतकेच राहिल्यास डायनमो, त्याचा पट्टा किंवा फ्यूज तपासावा. डायनमोवर १४.४ आणि बॅटरीवर १३.२ मिळाल्यास मधल्या तारांत दोष आहे. १५ च्या वर गेल्यास नियंत्रक बिघडला असून बॅटरीतील पाणी वरचेवर कमी होण्याचे कारण तेथे सापडेल.

५) गळतीचे मापन : सर्व बटणे बंद करून ऋण खांबावरील केबल सोडवावी व ती आणि खांब यांच्यामध्ये मीटर अँपिअरच्या श्रेणीवर जोडावा. या अवस्थेत सेल्फ मुळीच मारू नये. प्रवाह दिसल्यास एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजबरोबर प्रवाह थांबेल, त्याच शाखेत गळती आहे. खाडीतील होडीत तळाच्या खाऱ्या पाण्यात बुडालेले पंपाच्या तारेचे जोड हे गळतीचे नेहमीचे ठिकाण होय. अशी गळती बॅटरी तर उतरवतेच, शिवाय पाण्यात बुडालेल्या धातूच्या भागांचा क्षयही वेगाने घडवते.

बॅटरी निर्दोष असूनही वीज अपुरी का पडते?

वरील पाचही मापने समाधानकारक आली, तरी पहाटे दिवे मंदावतात अशी तक्रार राहू शकते. अशा वेळी दोष हिशेबात असतो. उदाहरणादाखल दहा तासांच्या रात्रीचा खर्च पाहता येईल. एलईडी दिवे १.५ अँपिअरप्रमाणे १५, बिनतारी संच ऐकण्याच्या अवस्थेत ४, जीपीएस व मासे शोधणारे यंत्र १०, पंप एक तास ४ आणि भ्रमणध्वनीचे भारण ४, असे एकूण ३७ अँपिअर-तास होतात. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीला हे पेलते. मात्र एलईडीऐवजी २५ वॉटचे चार जुने दिवे असल्यास केवळ दिव्यांवर सुमारे ८३ अँपिअर-तास खर्च होतात.

आता भरपाईची बाजू पाहू. भारणातील घट लक्षात घेता ३७ अँपिअर-तास परत देण्यासाठी सुमारे ४४ अँपिअर-तास द्यावे लागतात. डायनमो २० अँपिअर देत असला, तरी अर्ध्या तासाच्या फेरीत १० च अँपिअर-तास मिळतात. शिवाय बॅटरी भरत आली की ती प्रवाह कमी घेते. दररोजची ही तूट साचत जाते, बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही आणि सल्फेट कठीण होते. अशा होडीत कितीही वेळा नवी बॅटरी बसवली, तरी तिची गत तीच होणार.

तारांची जाडी हाही हिशेबाचाच भाग होय. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ५ मीटर दूरच्या पंपापर्यंत नेल्यास जाऊन-येऊन १० मीटर लांबी होते व रोध ०.०७ ओहम येतो. १० अँपिअर प्रवाहाला ०.७ व्होल्ट, म्हणजे सुमारे ६ टक्के घट होते. ६ चौरस मिलिमीटरची तार वापरल्यास ही घट अडीच टक्क्यांच्या आत येते. महत्त्वाच्या मंडलांसाठी ३ टक्क्यांची मर्यादा सर्वसाधारणपणे मान्य आहे.

पावसाळी बंदी आणि स्थानिक परिस्थिती

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा मासेमारी बंदीचा काळ केंद्र शासन जाहीर करत आले आहे. या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. शाकारणी काळजीपूर्वक होते, परंतु बॅटरी मात्र जागीच जोडलेली राहते. केवळ ५० मिलिअँपिअरची गळती ६१ दिवसांत सुमारे ७३ अँपिअर-तास खाऊन टाकते. त्यात बॅटरीचे आपोआप उतरणे मिळवले असता, नारळी पौर्णिमेच्या सुमारास सेल्फ का फिरत नाही याचे उत्तर मिळते. यावरील पहिला उपाय विनामूल्य आहे. बंदी सुरू होताना बॅटरी पूर्ण भारित करून ऋण केबल सोडवून ठेवावी आणि महिन्यातून एकदा भारण द्यावे. होडी पाण्यातच राहणार असल्यास पावसाचे पाणी उपसण्यासाठी पंप जोडलेला ठेवावाच लागतो. तेथे नियंत्रकासह लहान सौर पट्टी उपयोगी पडते; परंतु ढगाळ दिवसांत तिचे उत्पन्न घटत असल्याने अधूनमधून होडी पाहणे टाळता येत नाही.

उष्णता हा दुसरा घटक होय. तापमान १० अंशांनी वाढल्यास बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ठोकताळा आहे. म्हणून इंजिनाला लागून असलेली जागा तिच्यासाठी योग्य नव्हे. तिसरा घटक खारे पाणी. ते बॅटरीच्या आम्लात मिसळल्यास विषारी क्लोरिन वायू निर्माण होतो. भारणाच्या वेळी निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून स्फोटक ठरतो. त्यामुळे बॅटरी पाण्याच्या पातळीपेक्षा उंच, घट्ट बांधलेल्या व हवेशीर पेटीत असावी. तिच्यात ऊर्ध्वपातित पाणीच टाकावे, नळाचे किंवा विहिरीचे टाकू नये.

कायमस्वरूपी उपायांत दोन बॅटऱ्यांची योजना अग्रक्रमाची आहे. एक बॅटरी केवळ सेल्फसाठी राखीव आणि दुसरी दिवे व उपकरणांसाठी ठेवून त्यांच्यामध्ये वेगळे करणारे बटण बसवल्यास, रात्रीच्या वापराने दुसरी उतरली तरी इंजिन सुरू होते आणि होडी घरी परतते.

समारोप

भारनियमनाच्या वर्षांत या परिसरातील कितीतरी घरांत इन्व्हर्टर आला आणि बॅटरीत पाणी टाकणे हे घरकामांपैकी एक झाले. तेच ज्ञान खाडीवर अधिक काटेकोरपणे वापरावे लागते, कारण तेथे चुकीची किंमत अंधारात बसून राहण्याएवढी लहान नसते. वरील विवेचनावरून असे दिसते की, बॅटरीच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा बॅटरीबाहेर, म्हणजे गंजलेला जोड, बारीक तार, गळती किंवा अपुरे भारण यांत असते आणि ते थोड्या मापनांनी शोधता येते.

ओहमचा नियम, विद्युतरसायन आणि ऊर्जेचा हिशेब हे विषय पदवी अभ्यासक्रमात शिकवले जातात. खाडीकाठच्या महाविद्यालयांतील भौतिक व रसायनशास्त्र विभागांनी बंदीच्या काळात कोळीवाड्यांत बॅटरी तपासणीचा उपक्रम हाती घेतल्यास विद्यार्थ्यांना सूत्रांचा अर्थ प्रत्यक्ष कळेल. होडी चालवणाऱ्यांकडे पाणी, भरती-ओहोटी आणि इंजिन यांचे पिढीजात ज्ञान आहे. त्याला मापनाची जोड मिळाल्यास दोन्ही पक्षांचा लाभ आहे. मोसमाच्या पहिल्या दिवशी पहिल्याच प्रयत्नात सुरू झालेले इंजिन हीच या उपक्रमाची खरी परीक्षा ठरेल.