जुने बुकशेल्फ स्पीकर घेताय? आतले भाग मूळचेच आहेत ना, असे तपासा

मोबाइलवर जाहिरात दिसते, ‘जोडी एकदम ओरिजिनल, काहीही बदललेले नाही.’ नांदेड-लातूरच्या ग्राहकाला मात्र असे स्पीकर बहुतेक वेळा मुंबई, पुणे किंवा हैदराबादहून मागवावे लागतात. पैसे आधी जातात, खोके नंतर उघडते. म्हणूनच निम्मी तपासणी पैसे देण्याआधी व्हायला हवी.

मूळ भागांना एवढे महत्त्व का?

बुकशेल्फ स्पीकरच्या डब्यात मुख्यतः तीन भाग असतात : खालचे सूर वाजवणारा वूफर, वरचे सूर वाजवणारा ट्विटर आणि दोघांत आवाजाची वाटणी करणारे क्रॉसओव्हर सर्किट. हे तिन्ही एकमेकांशी जुळवलेले असतात. त्याच मापाचा दुसरा वूफर बसवला तर तो वाजतो; पण आवाजाचा तोल बिघडतो आणि पुनर्विक्रीची किंमतही घसरते. यामाहाचा १९७८ मध्ये आलेला एनएस-१० हा पांढऱ्या कोनचा स्पीकर जगभरच्या स्टुडिओंत पोहोचला. कोनसाठीचा लगदा मिळेनासा झाल्याने २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. अशा मॉडेलमध्ये वूफर मूळचा आहे की नाही, यावरच व्यवहार ठरतो.

आधी काय खराब होते?

वूफरच्या कडेची फोमची रिंग. साधारण १० ते २० वर्षांत तिचा भुगा होऊ लागतो. उष्णता आणि दमट हवा ही झीज वाढवतात. रबरी रिंग जास्त टिकते. क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरही काळानुसार कमजोर होतात. रिंग किंवा कपॅसिटर नीट बदलला असेल तर ती दुरुस्ती आहे, फसवणूक नव्हे. बदल लपवणे ही फसवणूक.

कोणते फोटो मागवावेत?

- जाळी काढून दोन्ही स्पीकर समोरून : कोन, ट्विटर आणि स्क्रू सारखे हवेत.
- मागचे लेबल : मॉडेल एकच असावे. अनुक्रमांक जुळत किंवा लागोपाठ असतील तर उत्तम. फार वेगळे असतील तर दोन जोड्यांची एक केलेली असू शकते.
- वूफर काढून चुंबकामागचा शिक्का किंवा भाग क्रमांक : कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहावा.
- स्क्रूची घासलेली खाच, नवा गोंद, वेगळ्या रंगाची वायर : भाग उघडल्याची खूण. कारण विचारावे.

स्पीकर हातात आल्यावर?

खोके उघडताना व्हिडिओ काढावा. कोन बोटांनी चारही बाजूंनी सारखा, हळूच दाबावा. खरखर आली तर कॉइल घासतेय. टर्मिनलवर मल्टिमीटर लावावा. ‘८ ओहम’च्या स्पीकरवर साधारण साडेपाच ते सात ओहम दिसतात. दोन्हींचे आकडे जवळपास सारखे हवेत. काहीच आकडा न आल्यास कॉइल जळालेली किंवा वायर तुटलेली असू शकते. ट्विटर या मोजणीत सहसा कळत नाही, कारण कपॅसिटर डीसी प्रवाह अडवतो. त्यामुळे हळू आवाजात गाणे लावून ट्विटरजवळ कान न्यावा. एक बाजू मंद वाटली तर वायर तशाच ठेवून डावा-उजवा स्पीकर अदलाबदल करावा. दोष स्पीकरबरोबर गेला तर तो स्पीकरचा. जागेवरच राहिला तर अॅम्प्लिफायर किंवा वायरचा.

फसवणूक झाली तर?

विक्रेता व्यापारी असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. लातूरच्या ग्राहकाला मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची असून पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. मार्गदर्शनासाठी १९१५ हा क्रमांक आहे. पैसे घेऊन विक्रेता गायब झाल्यास लगेच १९३० वर कळवावे. घरगुती विक्रेत्याविरुद्ध मात्र ग्राहक आयोगाचा मार्ग कठीण असतो.

म्हणून पैसे देण्यापूर्वी ‘कोणता भाग, कधी बदलला?’ याचे उत्तर फोनवर नव्हे, मेसेजमध्ये घ्यावे. वाद झालाच तर तोच पुरावा ठरतो.