फिशफाइंडर पोर्टेबल करून द्यायचाय? डब्याआधी क्लॅम्पचा विचार करा

फिशफाइंडर किटचा व्हिडिओ टाकल्यापासून मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न म्हणजे, "सर, तो डबा कुठे मिळतो?" अहो, डबा कुठेही मिळतो. टूलबॉक्स घ्या, झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घ्या. पैसे बुडतात ते दुसरीकडेच. माझे बुडालेत, म्हणून सांगतो.

आधी गिऱ्हाईक समजून घ्या. माझं बॅटरीचं दुकान आहे कोकणात. रविवारी खाडीत गरवायला जाणारी हौशी मंडळी माझ्याकडे येतात. जिताडा, तांबोशी मिळाली की सोमवारी फोटो दाखवायला परत येतात! यांची स्वतःची होडी नसते. आज या गावची भाड्याची होडी, पुढच्या वेळी दुसरीच. फिशफाइंडर मात्र होडीला स्क्रूने बसवून तिच्याच बॅटरीवर चालवायचा असतो. भाड्याच्या होडीला भोक कोण पाडू देणार? मग स्क्रीन, बॅटरी आणि ट्रान्सड्यूसर एका हातात उचलून नेता येतील अशी सोय लागते. ती करून देणं हा आपला धंदा.

ट्रान्सड्यूसर म्हणजे पाण्यात आवाजाची लहर सोडणारा आणि तिचा प्रतिध्वनी ऐकणारा तुकडा. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. परत यायला किती वेळ लागला यावरून खोली कळते. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून आवाज जोरात परततो, म्हणून मासा दिसतो. हवा आली की आवाज अडतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बॅटरीचं गणित सोपं आहे. मशीन किती करंट खातं ते मॅन्युअलमध्ये बघा. चार-पाच इंची स्क्रीनला मी अर्धा ॲम्पियर धरतो. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी घेतली तर कागदावर १४ तास. पण लेड ॲसिड दर वेळी पूर्ण उतरवली तर लवकर मरते, म्हणून गिऱ्हाइकाला ७ तासच सांगायचे. वजन दोन किलोच्या वर जातं. लिथियम फॉस्फेट निम्म्याहून हलकी, पण महाग, आणि तिला तिचाच चार्जर लागतो. घरातला बाइकचा चार्जर लावून बॅटरीची वाट लावणारे भेटतात, त्यामुळे चार्जर किटमध्येच द्या. लेड ॲसिड चार्ज करताना डब्याचं झाकण उघडं ठेवायचं, हेही बजावून सांगा. गॅस कोंडू नये.

पॉझिटिव्ह वायरला बॅटरीच्या जवळच फ्यूज टाका, मॅन्युअलमध्ये लिहिलाय तेवढाच. आणि प्लग असा वापरा की तो एकाच बाजूने बसेल. पहाटे पाचला अंधारात लाल-काळी कोण बघतं?

आता माझी चूक. पहिली किटं मी सक्शन कपवर दिली. दुकानातल्या काचेवर कप मस्त बसला, मी खूश! होडीच्या ओल्या, रंगाचे पोपडे निघालेल्या फळीवर तो तासभरही टिकला नाही. ट्रान्सड्यूसर मागे ओढला गेला, केबल पंख्यात सापडली आणि तुटली. ही केबल ट्रान्सड्यूसरमध्येच सीलबंद असते. मीठ पाण्यात जोड देऊन ती टिकेल यावर माझा विश्वास नाही. काका दुकानात आले, ओरडले वगैरे नाहीत. तुटलेली केबल काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "बघ बाबा, काय करतोस ते." मी नवीन ट्रान्सड्यूसर मागवून दिला. साडेचार हजार गेले.

त्या किटचं माझं कॉस्टिंग ऐका. बॅटरी ११००, चार्जर ५००, डबा ४००, वायर-फ्यूज-प्लग-सक्शन कप ५५०. झाले २५५०. विकलं २९०० ला. मार्जिन ३५०, म्हणजे एका केबलने जवळजवळ तेरा किटांची कमाई खाल्ली. आणि चार तासांची मजुरी मी धरलीच नव्हती. बीबीएला कॉस्टिंग शिकलो होतो, बरं का!

आता मी सुताराचा सी-क्लॅम्प आणि तीन फूट ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप वापरतो. पाइपच्या टोकाला ट्रान्सड्यूसर बोल्टने, तोंड सरळ खाली. क्लॅम्प होडीच्या काठाला, पंख्यापासून लांब, कारण पंख्याचे बुडबुडे म्हणजे हवा, आणि हवेत चित्र फाटतं. ट्रान्सड्यूसर होडीच्या तळापेक्षा थोडा खाली राहिला पाहिजे. केबल पाइपला टायने बांधलेली. शिवाय एक सुरक्षा दोरी, क्लॅम्प सुटला तरी सगळं होडीलाच लटकेल अशी. इंजिन जोरात चालवायचं असेल तेव्हा पाइप वर घ्यायचा, हे डब्याच्या झाकणावर मराठीत लिहून चिकटवतो.

खर्च ३०० ने वाढला, २८५० झाला. किंमत ४५०० केली. गिऱ्हाईक कमी झालं का? एक-दोघं गेले. बाकीच्यांना मी जेटीवर नेऊन ट्रायल देतो, ती बघून ते पैसे मोजतात. बादलीत ट्रायल घेऊ नका, एवढ्या कमी पाण्यात मशीन काहीही आकडे दाखवतं. दोरीला वजन बांधून मीटर-मीटरवर गाठी मारा, पाण्यात सोडा, आणि दोरीचा आकडा स्क्रीनशी जुळतो का ते गिऱ्हाइकालाच बघू द्या. त्याच वेळी हेही सांगा की २० अंशाच्या कोनाचं मशीन १० मीटर खोलीवर फक्त साडेतीन मीटर रुंदीचं वर्तुळ बघतं. नाहीतर "मासा दिसलाच नाही" म्हणून फोन तुम्हाला येणार.

स्टॉक भरताना कॅलेंडर बघा. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि पावसात हौशी लोकही घरीच बसतात. मे महिन्यात दहा बॅटऱ्या आणून ठेवल्या तर त्या पडून खराब होतात. मी मेमध्ये फक्त ऑर्डरपुरत्या आणतो आणि ज्या उरतात त्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा चार्जिंगला लावतो.