‘चिंतणे’ : एका क्रियापदाचा अर्थसंकोच

‘चिंतणे’ हे क्रियापद आजच्या मराठीत थोड्याच जागी उरले आहे : ‘भले चिंतणे’, ‘वाईट चिंतणे’, अथवा समारंभाच्या भाषेतले ‘सुयश चिंतितो’. कर्म इष्ट वा अनिष्ट असते आणि क्रिया इच्छिण्याची. ‘तो जीवनाविषयी चिंततो’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या अशुद्ध नाही, पण तसे कोणी बोलत नाही. तेथे ‘चिंतन करतो’ असेच म्हटले जाते. (बोलीत या व्यापाराची क्रियापदे बहुधा उपहासाचीच : तत्त्वज्ञान ‘झाडले’ जाते, नाहीतर ‘पाजळले’ जाते.)

मूळ संस्कृत धातूचा अर्थ धातुपाठात ‘स्मृती’ असा दिला आहे. मनात धरून ठेवणे हा त्याचा गाभा मानल्यास वारकऱ्यांचे नामचिंतन त्याच्या अगदी निकट येते. पुढे व्यवहारात मात्र या कुळाची वाटणी झाली. ‘चिंता’ काळजीकडे गेली, ‘चिंतन’ प्रवचन, व्याख्यान व ग्रंथ यांकडे, आणि क्रियापदाच्या वाट्याला शुभेच्छा आल्या. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ या म्हणीत तेवढी जुनी एकत्र नांदणूक दिसते. तेथे विचार, कल्पना आणि भय निराळे काढता येत नाहीत.

सर्व भारतीय भाषांनी ही वाटणी केलेली नाही. बंगालीत ‘चिंता करा’ म्हणजे विचार करणेही आणि काळजी करणेही. मलयाळममध्ये ‘चिंतिक्कुक’ हे विचार करण्याचे रोजचे, साधे क्रियापद आहे. कुमारन आशान यांच्या ‘चिंताविष्टयाय सीता’ (1919) या काव्याचे शीर्षक त्यामुळेच मराठी वाचकाला चकवते. वाल्मीकींच्या आश्रमातील ही सीता काळजीत पडलेली नाही. ती आपल्या आयुष्याचा आढावा घेते आहे, रामाच्या वर्तनाची चिकित्सा करते आहे. ‘चिंताग्रस्त’ म्हटले की न्याय तोलणारी स्त्री केवळ व्याकूळ स्त्री होते. ‘चिंतनमग्न’ला प्रवचनाचा वास येतो आणि तिच्या प्रश्नांची धार बोथट होते. ‘विचारमग्न’ हाच पर्याय त्यातल्या त्यात कमी नुकसानीचा, जरी त्यात मूळ धातू हरवतो.

जयशंकर प्रसादांच्या ‘कामायनी’तील (1936) पहिल्या सर्गाचे ‘चिंता’ हे शीर्षक मात्र मराठीत जसेच्या तसे ठेवता येते. प्रलयानंतरच्या मनूला काळजी आणि विचार वेगळे करण्याची सवड नाही.