दारू सुटते ती सोबतीनं

बैठकीत हप्त्याचा हिशेब संपला, की एखादी हळूच घरातल्या दारूचं बोलते. म्हणून आज 'ए.ए.' म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसबद्दल सांगते. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना धरून ठेवायचं, असा हा गट.

गोष्ट १९३५ सालची, अमेरिकेतली. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल कामासाठी ॲक्रन शहरात आला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. काम फसलं आणि मन पुन्हा दारूकडे ओढ घेऊ लागलं. दुसऱ्या दारुड्याशी बोललो तरच आपण वाचू, हे त्याला उमगलं. फोन करत करत तो डॉ. बॉब स्मिथ यांच्यापर्यंत पोचला. डॉक्टर पंधराच मिनिटं बसणार होते, पण बोलणं रात्री उशिरापर्यंत चाललं. बिलनं उपदेश केला नाही, स्वतःची कहाणी सांगितली. १० जून १९३५ हा डॉक्टरांच्या शेवटच्या घोटाचा दिवस. तोच ए.ए.चा स्थापना दिवस मानतात.

गटाचे नियम आपल्याला ओळखीचे वाटतील. दारू सोडायची इच्छा असली की झालं, फी नाही. खर्च सभासदच भागवतात, बाहेरची देणगी घेत नाहीत. इथं ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, पूर्ण नाव सांगायची सक्ती नाही. जन्मभराची शपथ नाही, फक्त आजचा दिवस प्यायचं नाही. वाटचालीच्या बारा पायऱ्या आहेत. पहिली, दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करणं. पुढे आपल्या चुका तपासणं, ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करणं आणि शेवटी दुसऱ्या दारुड्याला हात देणं. देव ज्यानं त्यानं आपल्या समजुतीप्रमाणे मानावा.

आणि बायकोचं काय? बिलची बायको लोइस हिनं १९५१ मध्ये घरच्यांसाठी 'अल-अनॉन' सुरू केलं. तिथं शिकवतात, हे व्यसन मी लावलेलं नाही, ते माझ्या ताब्यात नाही आणि ते मी बरं करू शकत नाही. "बायको नीट वागली असती तर तो प्याला नसता," असं ऐकून घेणाऱ्या प्रत्येकीनं हे पाठ करावं. म्हणून त्याची उधारी गटाच्या कर्जातून फेडू नका, त्याच्या खाड्यासाठी मुकादमाला खोटं सांगू नका. झाकलं की त्याला त्रास जाणवत नाही.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. औषधोपचाराला अशा सोबतीची जोड मिळाली, तर बाहेर पडल्यावर टिकणं सोपं जातं.

दोन गोष्टी मात्र जपा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर थरकाप, फिट, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. डॉक्टरांना विचारूनच सोडवा. आणि जेवणातून चोरून औषध देऊ नका. त्यावर तो प्यायला तर जीव धोक्यात येतो.

व्यसनमुक्तीच्या माहितीसाठी १४४४६ वर फोन करा. मारहाण होत असेल तर तो सुधारायची वाट पाहू नका, १८१ किंवा ११२ लावा. तो दारू सोडो न सोडो, तुमचं बोलणं ऐकणारं कुणीतरी हवंच. पुढच्या बैठकीत हिशेबानंतर अर्धा तास त्यासाठी ठेवा, आणि तिथलं तिथंच राहू द्या.